सराईत हाताचा भरवसा

१९ जुलै २०२४ रोजी भारतातल्या काही विमानतळांवर प्रवाशांना पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली होती. त्या पासांचे फोटो फिरले आणि त्यांच्याबरोबर एक निष्कर्षही फिरला: सगळा कारभार यंत्रांवर सोपवला की असेच व्हायचे, सर्व्हर, नेटवर्क, डेटा सेंटर यांची देखभाल अनुभवी माणसाच्या हातीच ठेवलेली बरी. हे बोलणारे केवळ बाहेरचे प्रेक्षक असते तर उत्तर द्यायची गरज नव्हती. पण वीस-वीस वर्षे डेटा सेंटर सांभाळलेली माणसेही हेच म्हणतात, आणि त्यांच्याकडे कारणे आहेत. माणसाची चूक एका सर्व्हरपुरती राहते, यंत्राची हजार सर्व्हरवर पसरते. काम यंत्राकडे गेले की माणसाचा सराव सुटतो. आणि शेवटी नोकऱ्या जातात, त्या पुण्या-मुंबईच्या आपल्याच पोरांच्या जातात. तिन्ही आक्षेपांत तथ्य आहे. तरीही त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, कारण ही मंडळी यंत्राच्या प्रत्यक्ष चुकांची तुलना माणसाच्या कल्पित अचूकपणाशी करतात. हाताने चालवलेला कारभार प्रत्यक्षात कसा चालतो, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

स्वयंचलनाची साधने विकणाऱ्या कंपन्या तरी तो कुठे मांडतात? त्यांची माहितीपत्रके खर्चातली बचत आणि कमी झालेली माणसे यांभोवतीच फिरतात. ती वाचून नोकरदाराच्या पोटात गोळा आला तर नवल नाही. माझ्या मते विक्रेते आणि विरोधक दोघांचेही लक्ष चुकीच्या जागी आहे. आयटी यंत्रणेची देखभाल स्वयंचलित करण्याचा सगळ्यात मोठा लाभ बचतीचा नाही आणि वेगाचाही नाही. ते काम यंत्राकडून करून घ्यायचे तर आधी ते पूर्णपणे, संदिग्धता न ठेवता, लिहून काढावे लागते. लिहिलेले काम दुसऱ्याला वाचता येते, तपासता येते, पुन्हा जसेच्या तसे करता येते, चुकले तर मागे घेता येते. हाताने केलेल्या कामाला यातले काहीच लागू होत नाही. बाकीचे सारे फायदे या एका गोष्टीतून निघतात.

नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाली कंपनीचे उदाहरण आयटीत अनेकांना ऐकून माहीत असते, पण त्याचा तपशील क्वचितच सांगितला जातो. जुलै २०१२च्या शेवटच्या आठवड्यात या कंपनीने शेअर बाजारात ऑर्डर पाठवणाऱ्या आपल्या आठ सर्व्हरवर नवे सॉफ्टवेअर चढवायला घेतले. काम हाताने चालले होते. सात सर्व्हरवर ते नीट चढले, आठव्यावर चढवायचे राहिले. त्या आठव्यावर २००३ पासून वापरात नसलेला ‘पॉवर पेग’ नावाचा जुना कोड तसाच पडून होता, आणि नव्या सॉफ्टवेअरने त्याच जुन्या कोडचा स्विच नव्या कामासाठी वापरला होता. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि आठवा सर्व्हर बेलगाम ऑर्डर सोडू लागला. सुमारे ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये ४० लाखांहून अधिक सौदे झाले, आणि त्या सौद्यांच्या मुळाशी ग्राहकांच्या ऑर्डर होत्या फक्त २१२. तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला. यातला सर्वांत बोलका भाग पुढचा आहे. संकट चालू असताना अनुभवी अभियंत्यांनी निदान केले की दोष नव्या सॉफ्टवेअरमध्ये असणार, म्हणून ज्या सात सर्व्हरवर ते बरोबर चढले होते तिथूनही ते काढून टाकले. आता आठही सर्व्हरवर जुना कोड जागा झाला. ही माणसे अडाणी नव्हती. त्यांना कोणत्या यंत्रावर काय आहे हेच ठाऊक नव्हते, कारण ते कुठे पाहायची सोय नव्हती. अमेरिकेच्या रोखे नियामकाने २०१३च्या आदेशात १ कोटी २० लाख डॉलरचा दंड लावताना नेमके हेच नोंदवले: दुसऱ्या तंत्रज्ञाने हे काम तपासावे, अशी लेखी पद्धतच कंपनीत नव्हती. बाजार उघडण्याआधी त्या यंत्रणेने ९७ ईमेल पाठवून काहीतरी बिघडल्याचे सांगितले होते. ते ईमेल धोक्याच्या सूचना म्हणून योजलेलेच नसल्याने कोणी पाहिले नाहीत. ‘माणसाची चूक एका सर्व्हरपुरती राहते’ असे म्हणणाऱ्यांनी या प्रकरणातला आठवा सर्व्हर लक्षात ठेवावा. चूक खरोखरच एकाच सर्व्हरवर होती.

अमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा २८ फेब्रुवारी २०१७ रोजी चार तासांहून अधिक काळ कोलमडली, तीही अशाच कारणाने. बिलिंगची यंत्रणा मंदावली होती, ती तपासताना एका अधिकृत कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीप्रमाणे काही सर्व्हर काढून टाकण्याची आज्ञा दिली. आज्ञेतला एक भाग चुकीचा टाइप झाला आणि हवे त्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर गेले. (सेवा बंद असल्याचे जगाला सांगणारा अमेझॉनचा फलकही त्याच सेवेवर अवलंबून होता, त्यामुळे त्यावर बराच वेळ सारे आलबेल दिसत होते.) या घटनेनंतर अमेझॉनने टाइप करणाऱ्याला अधिक सावध राहायला सांगून विषय संपवला नाही. आज्ञा राबवणारे साधन बदलले: सर्व्हर आता हळूहळूच निघतील, आणि किमान संख्येच्या खाली नेणारी आज्ञा साधन स्वीकारणारच नाही. सावधपणाचा उपदेश माणसाबरोबर बदलीवर जातो, राजीनाम्याबरोबर निघून जातो. साधनात घातलेला नियम तिथेच राहतो. एस-थ्रीच्या घटनेच्या महिनाभर आधी, ३१ जानेवारीच्या रात्री, गिटलॅब कंपनीच्या एका थकलेल्या अभियंत्याने दुय्यम डेटाबेस समजून मुख्य डेटाबेसच पुसायला घेतला होता. काही सेकंदांत त्याच्या लक्षात आले, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते. इथे विरोधकांच्या हाती एक मुद्दा लागतो आणि तो द्यायला हवा: गिटलॅबचा रोजचा बॅकअप स्वयंचलित होता आणि तो कित्येक दिवस मुकाट्याने फसत होता. आवृत्ती जुळत नव्हती, आणि फसल्याची सूचना देणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. कंपनी वाचली ती त्याच अभियंत्याने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी योगायोगाने हाताने घेतलेल्या प्रतीमुळे. म्हणजे अर्धवट स्वयंचलन घातक असते, हे मान्य. ज्या बॅकअपवरून डेटा परत आणून पाहण्याची चाचणीही स्वयंचलित नाही, तो बॅकअप म्हणजे केवळ समाधान. पण त्यावरचा उपाय ‘बॅकअप रोज हाताने घ्या’ हा आहे, असे गिटलॅबच्या जागी असलेला कोणीही म्हणणार नाही.

लिहून काढणे म्हणजे नेमके काय, हे इथे सांगायला हवे, कारण पुष्कळांच्या मनात स्वयंचलन म्हणजे रात्री चालणाऱ्या दोन-चार स्क्रिप्ट असतात. नॉर्वेतल्या ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफएंजिन हे साधन लिहिले. त्यामागचा विचार असा की यंत्राला ‘अमुक कर, मग तमुक कर’ असे सांगण्याऐवजी ते शेवटी कसे दिसायला हवे तेवढे सांगायचे: कोणती पॅकेजे असावीत, कोणती पोर्ट उघडी असावीत, कोणाला प्रवेश असावा. साधनाने प्रत्यक्ष स्थिती या वर्णनाशी ताडून पाहायची आणि फरक असेल तेवढाच मिटवायचा. सर्व्हर आधीच वर्णनाप्रमाणे असेल तर साधन काहीच करत नाही. तेच वर्णन दहादा चालवले तरी बिघडत नाही. पुढे पपेट, अॅन्सिबल, टेराफॉर्म आणि कुबरनेटीस याच वाटेने आले. ही वर्णने साध्या मजकुराच्या फाइलींत असतात आणि त्या फाइली गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवल्या की प्रत्येक बदलाला तारीख आणि करणाऱ्याचे नाव आपोआप चिकटते, आणि कारणही तिथेच लिहिले जाते. शुक्रवारी संध्याकाळी फायरवॉलमध्ये कोणी काय बदलले, हे शोधायला सोमवारी चार जणांना फोन करावे लागत नाहीत. यावर हमखास उत्तर येते की आमच्याकडेही सगळे लिहिलेले आहे, प्रत्येक कामाची एसओपी, म्हणजे लेखी कार्यपद्धती, आहे. असते खरी. वर्डमधली ती फाइल ऑडिटच्या आधी झाडून-पुसून ठेवलेली असते. तिच्यातला तिसरा टप्पा दोन वर्षांपूर्वी बदलला हे शिफ्टवरच्या जुन्या माणसाला तोंडपाठ असते आणि नव्याला ठाऊक नसते. एसओपी चुकली तरी सर्व्हर चालूच राहतो, म्हणून ती चुकल्याचे कळत नाही. जी फाइल स्वतःच सर्व्हर उभा करते, ती चुकली तर सर्व्हर उभाच राहत नाही. कागद आणि वास्तव यांत अंतर पडू न देणारा याहून चांगला उपाय निदान मला तरी दिसत नाही.

हे अंतर किती महाग पडते, ते इक्विफॅक्स प्रकरणात दिसले. अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधल्या एका गंभीर भोकावरचा पॅच मार्च २०१७ मध्ये उपलब्ध झाला. इक्विफॅक्स या अमेरिकी पतमापन कंपनीत ९ मार्चला ईमेल फिरला की ४८ तासांत पॅच लावा. लागला नाही. मे महिन्यात हल्लेखोर आत शिरले आणि जुलैअखेर ते उघड होईपर्यंत १४ कोटींहून अधिक लोकांची माहिती गेली होती. येणारी-जाणारी वाहतूक तपासणारे उपकरण होते, पण त्यावरचे प्रमाणपत्र कित्येक महिन्यांपूर्वी संपल्याने ते आंधळे झाले होते. कंपनीच्या माजी प्रमुखांनी अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष देताना पॅच न लागण्याचे खापर एका कर्मचाऱ्याने निरोप पुढे न पोहोचवण्यावर फोडले. त्या साक्षीवर तेव्हा टीका झाली ती योग्यच होती, पण तिच्यात एक कबुली दडलेली आहे: एवढ्या मोठ्या कंपनीची सुरक्षा एका माणसाच्या एका निरोपावर टांगलेली होती. हाताने चालणाऱ्या कारभाराचे याहून प्रामाणिक वर्णन विरोधकांनाही करता यायचे नाही.

हे सारे अमेरिकेतले म्हणून सोडून द्यावे, तर २४ एप्रिल २०२४ चा रिझर्व्ह बँकेचा आदेश मुंबईतल्या बँकेला उद्देशून आहे. कोटक महिंद्र बँकेला ऑनलाइन आणि मोबाइल मार्गांनी नवे ग्राहक घेण्यास आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास त्या दिवशी मनाई झाली. २०२२ आणि २०२३ या सलग दोन वर्षांच्या तपासणीत आढळलेल्या त्रुटींची यादी आदेशात आहे: आयटी साधनांच्या नोंदीचे व्यवस्थापन, पॅच आणि बदलांचे व्यवस्थापन, वापरकर्त्यांच्या प्रवेशाचे व्यवस्थापन, पुरवठादारांची जोखीम, डेटाची सुरक्षा, आपत्तीनंतर सावरण्याची तयारी आणि सराव. निर्बंध उठायला फेब्रुवारी २०२५ उजाडला. यादी पुन्हा वाचावी. आपल्याकडे कोणती यंत्रे आहेत, त्यांवर कोणता पॅच आहे, कोणी काय बदलले, कोणाला कुठे प्रवेश आहे: यातला एकही प्रश्न प्रतिभेचा नाही. हे नोंदीचे प्रश्न आहेत, आणि हजारो यंत्रांच्या कारभारात नोंद माणसाच्या शिस्तीवर सोडली की ती मागे पडते, कारण संध्याकाळी सात वाजता काम अडले असताना आधी काम होते आणि नोंद उद्यावर जाते. यंत्रणेत बदल करण्याचा मार्गच नोंदीतून जात असेल तर हा प्रश्न उरत नाही.

काही बाबतींत तर वाद घालायला जागाही उरलेली नाही. डिजिटल सुरक्षा प्रमाणपत्रांची मुदत संपल्याने सेवा कोसळण्याचे प्रकार नवे नाहीत. डिसेंबर २०१८ मध्ये एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधले एक प्रमाणपत्र संपले आणि ब्रिटनमध्ये ओ-टूच्या कोट्यवधी ग्राहकांचे मोबाइल इंटरनेट गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टला आपल्या टीम्सचे प्रमाणपत्र नव्याने घ्यायचा विसर पडला. आता ब्राउझर आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवले आहे की संकेतस्थळांच्या प्रमाणपत्राची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने खाली येईल: मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस. ज्या संस्थेकडे पाचशे प्रमाणपत्रे आहेत तिला वर्षाला जवळपास चार हजार नूतनीकरणे करावी लागतील. एक्सेलमध्ये लाल-पिवळे रंग भरून हे कोण सांभाळणार आहे?

आता आक्षेपांकडे. क्राउडस्ट्राइकचा आक्षेप सर्वांत जोरकस दिसतो, म्हणून तो आधी. यंत्र चूक दूरवर आणि झटकन पसरवते हे निर्विवाद आहे. सदोष फाइल कंपनीने ७८ मिनिटांत मागे घेतली, तेवढ्यात व्हायचे ते झाले. पण ते झाले कसे? ती फाइल जगभर एकाच वेळी सोडली गेली. अनेक ग्राहकांनी ‘नवी आवृत्ती आमच्याकडे एक पायरी उशिरा यावी’ असा नियम आपापल्या यंत्रणेत लावून ठेवला होता, मात्र या प्रकारच्या फाइलींना तो नियम लागूच नव्हता. म्हणजे ग्राहकाने लिहून ठेवलेला, तपासलेला नियम बाजूला सारून हा बदल आत आला. आणि सावरायला दिवसच्या दिवस का लागले? बंद पडलेली यंत्रे दूरवरून सुरू होईनात, म्हणून माणसाला एकेका यंत्रासमोर बसून, ते सेफ मोडमध्ये उघडून, डिस्क कुलूपबंद असेल तर तिची लांबलचक किल्ली टाइप करून ती फाइल पुसावी लागली. बिघाड स्वयंचलित होता आणि दुरुस्ती हाताची, एवढ्यावरून हाताची बाजू कशी सिद्ध होते? नंतर कंपनीने केलेल्या सुधारणा पाहिल्या तर त्या टप्प्याटप्प्याने वितरण, अधिक चाचण्या आणि ग्राहकाच्या हाती नियंत्रण अशा आहेत. फेसबुकचेही तेच. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या एका आज्ञेने त्यांचे जागतिक नेटवर्क सुमारे सहा तास तुटले, व्हॉट्सअॅपसकट. अशा आज्ञा अडवण्यासाठी तपासणीचे साधन होते, त्यातच दोष निघाला. या घटनांतून घ्यायचा धडा कडक आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे: ज्या यंत्रणेला वेगमर्यादा नाही, जी आधी दहा यंत्रांवर थांबून पाहत नाही आणि जिला मागे फिरता येत नाही, ती चालू करू नये. मात्र ही अट लादता येते कुणावर? लिहिलेल्या पद्धतीवर. सराईत हातावर वेगमर्यादा बसवायची कुठे, हे कोणी सांगत नाही. सध्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाखाली जी साधने थेट चालू यंत्रणेवर स्वतःच्या मनाने आज्ञा चालवतात, ती या कसोटीवर स्वयंचलनाच्या बाजूला बसत नाहीत. ती अलिखित हातांच्याच रांगेत बसतात, फक्त तो हात जास्त चपळ असतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो करणाऱ्यांना तो कोणाचा हे बहुधा माहीत नसते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिसान बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच स्वयंचलनातल्या विसंगतींवर निबंध लिहून दाखवले की सोपी कामे यंत्राने उचलली की माणसाकडे फक्त सर्वांत अवघड क्षण उरतात, आणि ते क्षण निभावायचे तर जो सराव लागतो तोच यंत्राने काढून घेतलेला असतो. हा युक्तिवाद कारखान्यांबद्दल होता, पण डेटा सेंटरला तंतोतंत लागू पडतो. प्रश्न एवढाच की रोजच्या हातकामातून तो सराव खरोखर मिळतो का. दिवसाला तक्रारींची साठ टिकिटे बंद करणारा माणूस पासवर्ड बदलण्यात आणि डिस्क मोकळी करण्यात तरबेज होतो; मुख्य डेटा सेंटर गेले तर काय, याचा अनुभव त्यातून येत नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबले. दूरसंचार जोडण्या तुटल्या, जोखीम सांभाळणारी यंत्रणा मिळेना, आणि पर्यायी केंद्र असूनही बाजार तिकडे हलला नाही. व्यवहार सुरू व्हायला पावणेचार वाजले. तिथे कुशल माणसांचा तुटवडा होता असे कोणी म्हणणार नाही. पुढच्याच महिन्यात सेबीने बंधन घातले: महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रातून काम सुरू करायचे. एवढ्या वेळात कुणाच्या स्मरणातून पायऱ्या काढत बसणे शक्य नाही. स्थलांतराच्या पायऱ्या यंत्राने चालवायच्या आणि ‘हलायचे’ हा निर्णय माणसाने घ्यायचा, अशीच विभागणी करावी लागते. बेनब्रिज यांच्या इशाऱ्यावरचा इलाज टिकिटांत सापडत नाही, सरावात सापडतो, आणि सरावाला वेळ हवा. गूगलने आपल्या देखभाल अभियंत्यांसाठी ठरवले की असल्या कष्टाच्या, पुनःपुन्हा येणाऱ्या कामात त्यांचा निम्म्याहून अधिक वेळ जाऊ नये. आपल्याकडे किती कंपन्यांत हा वेळ मोजला तरी जातो?

उरला नोकऱ्यांचा प्रश्न. इथे ‘नव्या नोकऱ्या येतील’ असे गुळमुळीत उत्तर देणे मला पटत नाही. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत परदेशी ग्राहकांच्या यंत्रणांवर रात्रभर नजर ठेवणाऱ्या, अलर्ट आला की एसओपी उघडून पायऱ्या करणाऱ्या पहिल्या फळीतल्या जागा कमी होतील. ज्या कामाच्या सगळ्या पायऱ्या आधीच लिहिलेल्या आहेत ते काम यंत्र करणार, हे टळणारे नाही. पण त्या जागा टिकवण्याच्या नावाखाली काय टिकवले जाते तेही पाहावे. सेवा कंपन्यांची अनेक कंत्राटे अजून माणशी दरावर चालतात. माणसे जितकी जास्त तितके बिल मोठे. अशा व्यवस्थेत पाच जणांचे काम एका फाइलीत बसवून देणाऱ्या अभियंत्याने कंपनीचे उत्पन्न घटवलेले असते, आणि त्याला तसेच वागवले जाते. रात्रपाळीत डोळे फोडत बसलेल्या मुलाच्या नोकरीची काळजी म्हणून जे सांगितले जाते, त्यात या बिलाची काळजी पुष्कळ असते. त्या मुलाच्या बाजूने लढायचेच असेल तर मागणी वेगळी हवी: ज्या टीमचे काम स्वयंचलित होणार तिलाच ते स्वयंचलित करायला बसवा, शिकण्याचे तास कामाच्या वेळात धरा, आणि वाचलेल्या खर्चातला वाटा करारात लिहा. कामगार संघटनांनी हे मागितले तर मी त्यांच्या बाजूने आहे. काम हाताने चालू ठेवा ही मागणी मात्र त्या मुलालाच आणखी पाच वर्षे त्याच खुर्चीत अडकवते, आणि पाच वर्षांनी ती खुर्चीही जातेच.

हे सारे मोठ्यांना परवडते, जिल्ह्यातल्या सहकारी बँकेने किंवा नगरपालिकेने काय करायचे, असेही विचारले जाते. खरे तर गरज त्यांनाच अधिक आहे. मोठ्या बँकेत एक माणूस सोडून गेला तर दुसरा असतो. लहान संस्थेत सर्व्हरचे सगळे ज्ञान एका ‘सिस्टिमवाल्या’ माणसाच्या किंवा एका पुरवठादाराच्या डोक्यात असते, आणि तो आजारी पडला की संस्था आजारी पडते. मोठ्यांच्या नशिबीही हे येतेच. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा झोपवली, तेव्हा न्हावाशेव्याच्या जेएनपीटीतल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. कंपनीने दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभारले. ते शक्य झाले कारण तिच्या जाळ्यात कोण कोण आहे याच्या नोंदीची एक प्रत घानातल्या कार्यालयात शाबूत राहिली होती, आणि ती शाबूत होती कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती. जुलै २०२४ मध्ये सी-एज या सेवा पुरवठादारावर खंडणीखोर हल्ला झाला आणि जवळपास ३०० लहान बँकांचे ग्राहक काही काळ किरकोळ देयक व्यवहारांना मुकले. लहान संस्थेने घानातल्या वीजकपातीवर विसंबून चालणार नाही. खर्चाची सबबही फारशी टिकत नाही: अॅन्सिबल मोफत मिळते, गिट मोफत मिळते, लेट्स एन्क्रिप्ट २०१५ पासून प्रमाणपत्रे मोफत देते आणि ती आपोआप बदलण्याची सोयही करते. लागतात ते दोन जाणकार आणि काही महिन्यांचा संयम.

म्हणून सहकारी बँकांच्या संचालकांना एक सुचवावेसे वाटते. पुढच्या बैठकीत नवे साधन विकायला कोणी सादरीकरण घेऊन आला, तर त्याला बाहेर थोडा वेळ बसवा. आधी आपल्याच आयटी प्रमुखांना सांगा की एक चाचणी सर्व्हर पूर्ण पुसा आणि ज्याने तो मुळात उभारला नव्हता अशा माणसाकडून, कोणालाही फोन न करता, फक्त लिहून ठेवलेल्या गोष्टींवरून तो परत उभा करून दाखवा. किती तास लागले, किंवा उभा राहिलाच नाही, ते इतिवृत्तात नोंदवा. काय विकत घ्यायचे आणि घ्यायचे की नाही, हे त्यानंतर ठरवा.